‘काही नाही’ म्हणण्याचा अधिकार

आपल्या बोलण्यात ‘काही नाही’ हे दोन शब्द किती वेळा येतात, याची मोजदाद कोणी करू गेल्यास मोजणारा थकून जाईल. आईच्या कपाळावर आठी दिसली म्हणून विचारावे, तर उत्तर येते, ‘काही नाही’. मुलगा शाळेतून मुकाट्याने घरी आला म्हणून विचारावे, तरी तेच उत्तर. हे झाले स्वतःविषयीचे बोलणे. त्यात संकोच असतो, कधी इतरांना काळजी लागू नये अशी मायाही असते. परंतु हेच दोन शब्द आपण दुसऱ्याच्या तक्रारीला उत्तर म्हणून उच्चारतो, तेव्हा त्यांचे स्वरूप पार पालटते. दुसरा म्हणतो, ‘मला काहीतरी ऐकू येते आहे’, आणि आपण म्हणतो, ‘काही नाही’. प्रश्न असा की, हे म्हणण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो? वयाने, अनुभवाने, पदाने, की आणखी कशाने?

प्रश्न मोठा आहे. म्हणून तो आम्ही एका लहानशा, हाताला ग्रीस लागणाऱ्या उदाहरणावरून पाहू इच्छितो. मागची बाके काढून, फळ्या बसवून, त्यांवर गाद्या अंथरलेली जुनी व्हॅन वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. स्टोव्ह, भांडी, पाण्याचे कॅन, पांघरुणे असा सारा संसार तिच्यात मावतो. चार-सहा माणसे अशा गाडीतून आठवडाभर हिंडतात, रात्री तिच्यातच झोपतात. चाके लावलेले घरच ते. या घराची रचना मात्र विलक्षण असते. गाडी ज्याच्या हातात, तो सर्वांत पुढे. आणि म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, मुले ही सर्वांत मागे. मागच्या बाजूस आवाज होऊ लागला, तर तो ज्यांना ऐकू येतो त्यांच्या हाती ब्रेक नसतो. आणि ज्याच्या पायाखाली ब्रेक असतो, त्याच्या कानांवर इंजिनाचा घोष असतो. आमच्या मते सारा नैतिक पेच या बैठकव्यवस्थेतच दडलेला आहे.

अशाच एका व्हॅनमधून तुळजापूरकडून औशाकडे येत असता आमच्या प्रवासात तो पेच उभा राहिला. उजनीला बासुंदीसाठी थांबून गाडी पुन्हा निघाली, तेव्हा मागून ‘ठक्’ असा आवाज झाला. मागे बसलेल्या एका वृद्ध बाई म्हणाल्या, ‘दादा, मागं काहीतरी वाजतंय.’ चालकाने उत्तर दिले, ‘काही नाही मावशी, भांडी हलताहेत.’ भांडी खरोखरच हलत होती. त्यामुळे उत्तर पटण्याजोगे होते, आणि पटण्याजोगे उत्तर मिळाले की शोध थांबतो. बाई काही वेळ गप्प राहिल्या. मग पुन्हा म्हणाल्या, ‘खड्ड्यात नाही वाजत. गाडी थांबताना वाजतंय.’ या वाक्याचे मोल त्या वेळी गाडीत कोणालाच उमगले नाही.

ते उमगले औशाच्या एका मिस्त्रीला. पुढच्या बाकावरील मंडळींनी त्याला आपापले अंदाज सांगितले. कोणी सायलेन्सर म्हटले, कोणी स्टेपनी, कोणी शॉकअप. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘आवाज कुठून येतो ते मी बघतो. तुम्ही कधी येतो तेवढं सांगा.’

या साध्या वाक्यात शोधाचे सारे शास्त्र आहे. व्हॅन म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. एका टोकाला झालेला आवाज पत्र्यापत्र्यातून फिरतो आणि भलतीकडेच उमटतो. ‘कुठे’ या प्रश्नाला कान फसतो; ‘कधी’ या प्रश्नाला सहसा फसत नाही. गाडी वेगात असताना गिअर काढून न्यूट्रल केले आणि तरी आवाज चालू राहिला, तर इंजिन बव्हंशी निर्दोष. संशय चाकांकडे नि मागच्या धुरीकडे वळतो. वळणावर घरघर वाढली, तर भार पडणाऱ्या बाजूच्या चाकाचे बेरिंग पाहावे. खड्ड्यात खडखड झाली, तर शॉकअपचे बुश, स्टेपनी, सायलेन्सरची टांगणी यांवर नजर टाकावी. ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना गुणगुणण्याचा सूर बदलला, तर डिफरन्शियलकडे जावे. पण सगळ्याआधी गाडीतील सामान खाली उतरवावे. आपण स्वतः भरलेले ओझे हा पहिला संशयित असला पाहिजे. त्याची झडती न घेता यंत्राला दोष देणे न्यायाचे नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार नट एकदम आवळले आणि आवाज गेला, तर गाडी दुरुस्त होते, परंतु ज्ञान काहीच होत नाही.

आपली मराठी भाषाही येथे मदतीला येते. खडखड, घरघर, कुरकुर, किरकिर, ठकठक हे शब्द म्हणजे कानाने केलेली निदानेच आहेत. खडखडते ते सुटलेले असते, घरघरते ते झिजलेले असते, कुरकुरते ते कोरडे पडलेले असते. ज्याने ऐकले, त्याच्यापाशी बहुधा शब्दही असतो. कमी असतो तो विचारणारा.

भांडी-कुंडी खाली उतरवून गाडी फिरवली, तरी आवाज राहिला. गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे दिले, चाके हातांनी वर-खाली हलवून पाहिली. बेरिंग ठीक होते. मग मिस्त्री बॅटरी घेऊन गाडीखाली सरकला. चिखलाने आणि जुन्या ग्रीसने माखलेल्या पाट्यांवर त्याला बोटभर जागा चकचकीत दिसली. लोखंड लोखंडावर घासले की गंज आणि मळ निघून जातो आणि धातू उजळतो. यंत्राची तीच साक्ष. मागची धुरी पाट्यांना धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचे नट ढिले झाले होते आणि पाट्यांना मधोमध सांधणारा सेंटर बोल्ट तुटला होता. गाडी निघताना धुरी एका बाजूला ढकलली जाई, ब्रेक लागताच दुसऱ्या बाजूला, आणि ‘ठक्’ वाजे. हा दोष वाढत गेला असता, तर भरधाव गाडीत धुरी जागची सरकली असती. मागच्या बाईंनी उजनीपासून जे सांगितले होते, तेच अखेर खरे ठरले. त्यांना यू-बोल्ट हा शब्द ठाऊक नव्हता; त्यांची साक्ष मात्र अचूक होती.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. जुनी गाडी म्हटली की ती वाजणारच. प्रत्येक कुरकुरीला घाबरून गाडी उभी करू लागलो, तर माणूस घराबाहेर पडणार नाही. शिवाय ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याच्यासाठी गॅरेजमध्ये गेलेला दिवस म्हणजे बुडालेला रोजगार. हा आक्षेप खोटा नाही. भय हा काही सद्गुण नव्हे, आणि जो सदा सर्वदा संकटाची दवंडी पिटतो त्याचे पुढे कोणी ऐकत नाही. परंतु परिचयाचा आवाज आणि नवा आवाज यांत भेद आहे. ज्याचे कारण एकदा पाहून झाले, तो आवाज खुशाल सोबत वागवावा. ज्याचे कारण पाहिलेच नाही, त्याच्यावर टेपरेकॉर्डरचा आवाज चढवणे याला धैर्य म्हणता येणार नाही.

ऐकण्याची कला माणसाला सहज साधलेली नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लाएनेक या वैद्याने कागदाची गुंडाळी करून ती एका रुग्ण स्त्रीच्या छातीवर टेकवली आणि हृदयाचे ठोके ऐकले. त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. त्या नळीने रोग बरा केला नाही. आतला आवाज बाहेरच्या माणसापर्यंत पोहोचवला, एवढेच तिचे काम. पण तेवढ्याने वैद्यकाला नवी वाट मिळाली. आमचा मिस्त्रीही लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी धरून यंत्राचे अंतरंग ऐकतो, तेव्हा तो त्याच परंपरेचा पाईक असतो.

औशाहून लामजन्यावरून रस्ता पुढे किल्लारीला जातो. किल्लारी औसा तालुक्यातीलच गाव. तेव्हा औशात बसून ऐकण्याचा विचार करताना त्या गावाची आठवण टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चार वाजण्यास थोडा अवकाश असताना, गणेशविसर्जन करून झोपलेल्या लातूर-उस्मानाबाद परिसरावर सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप कोसळला आणि जवळजवळ १०,००० माणसे गेली. त्याच्या वर्षभर आधी, १९९२ साली, किल्लारी परिसराला छोटे धक्के बसले होते, जमिनीतून गडगड ऐकू आली होती. लोक घाबरले होते. परंतु त्या काळच्या नकाशावर हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता.

येथे आम्ही सावधपणे बोलू. त्या आवाजावरून भूकंपाचा दिवस आणि घटका कोणी सांगू शकले नसते. आजचे विज्ञानही ते सांगू शकत नाही. म्हणून कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे योग्य नव्हे. मात्र माणसे मेली ती प्रामुख्याने घरांखाली. माती-दगडाच्या जाड भिंती, त्यांत आतल्या-बाहेरच्या दगडांना एकमेकांशी बांधणारे लांब दगड नाहीत, आणि वर लाकडावर पेललेले मातीचे माळवद. माळवद उन्हाळ्यात गारवा देते. पण गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे नवी माती चढत जाते आणि डोक्यावरचे ओझे वाढत राहते. जमिनीत काय चालले आहे हे कळले नसते. माळवदावर किती माती आहे, हे कळण्यासारखे होते. आवाज आपल्याला सगळेच सांगत नाही. तो एवढेच सुचवतो की, जे आपल्या हाती आहे ते एकदा तपासून पाहा. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसली, आणि २००२ साली देशाचा भूकंपनकाशा सुधारताना तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला. त्या सुधारित नकाशात किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात गणला गेला.

या दुःखातून लातूर जिल्हा काही शिकला आहे, असे म्हणावयास जागा आहे. सप्टेंबर २०२२मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी येथे जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा शास्त्रज्ञांचे पथक गावात येऊन गेले. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी लातूर शहराच्या विवेकानंद चौक परिसरात सकाळी असाच आवाज ऐकू आला. तेव्हा लातूर, औराद शहाजानी आणि आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे चौकशी झाली, आणि भूकंपाची नोंद नसल्याचे सांगण्यात आले. म्हणजे याही वेळी उत्तर ‘काही नाही’ असेच आले. परंतु हे ‘काही नाही’ वेगळे होते. ते पाहून आल्यावर दिलेले होते.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडते. पाहण्यापूर्वी उच्चारलेले ‘काही नाही’ आणि पाहिल्यानंतर उच्चारलेले ‘काही नाही’ हे शब्दांनी सारखे, पण नीतीच्या तराजूत अगदी भिन्न आहेत. पहिल्याने दुसऱ्याचे तोंड बंद होते, दुसऱ्याने त्याच्या मनाचा घोर दूर होतो. पहिले उच्चारायला पुढची जागा पुरते. दुसऱ्यासाठी गाडीखाली सरकावे लागते. वय, अनुभव, पद यांपैकी कशानेही हा अधिकार आपोआप मिळत नाही. तो त्या त्या वेळी, त्या त्या तक्रारीपुरता कमवावा लागतो.

आपल्या घरांतही पुढची आणि मागची बाके असतात. कमावता माणूस पुढे असतो. त्याला रस्ता दिसतो, वेग दिसतो, वेळेवर पोहोचण्याची घाई त्याला असते. मागे असतात आजी-आजोबा, अबोल झालेली सून, शाळेचे नाव काढताच पोट दुखणारे लेकरू. त्यांना कारण सांगता येत नाही, कधी धड शब्दही सापडत नाही. ‘नक्की कुठे दुखते ते सांग’ असे दरडावले, तर ती गप्प होतात. ‘कधी दुखते?’ असे जवळ बसून विचारले, तर बहुधा सांगू लागतात. मग कदाचित असे निघेल की खरोखरच काही नव्हते, भांडीच वाजत होती. तसे निघाले तरी गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये. मागे बसलेल्या माणसाला आता ठाऊक झालेले असते की आपण बोललो तर गाडी थांबते, आणि पुढच्या वेळी तो अधिक लवकर बोलेल.