सहजता हा गुण आहे काय?

प्रतिष्ठित उच्चशिक्षणसंस्थांमध्ये विद्यार्थ्याची गुणवत्ता ठरविताना तो काय जाणतो ह्याबरोबरच ते किती सहजपणे जाणतो, हेही पाहिले जाते. ही सहजता त्याचा स्वतःचा गुण मानावी काय आणि तिचे श्रेय त्याला देणे न्याय्य आहे काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

फ्रान्समध्ये पिएर बोर्द्यू आणि जाँ-क्लोद पासरों ह्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या 'वारसदार' ह्या ग्रंथात ह्या प्रश्नाची मूलगामी मांडणी आढळते. विद्यापीठात प्रवेश मिळण्याची शक्यता शेतमजुराच्या मुलापेक्षा उच्चाधिकाऱ्याच्या मुलाला ८० पट, तर कामगाराच्या मुलापेक्षा ४० पट अधिक असल्याचे त्यांनी दाखविले. परंतु त्यांचा मर्मग्राही मुद्दा प्रवेशानंतरचा आहे. शिष्यवृत्तीने आर्थिक अडचण दूर झाली तरी विषमता उरतेच. कारण घरात कानांवर पडलेली भाषा, पाहिलेली नाटके, सहज चाळलेली पुस्तके ह्यांतून एक वेगळेच भांडवल साठत जाते. पैशाचा वारसा निदान वारसा म्हणून ओळखला जातो. हे सांस्कृतिक भांडवल मात्र देहात आणि वाणीत मुरलेले असल्यामुळे निसर्गदत्त वाटते.

बोर्द्यू आणि मोनिक द सँ-मार्तँ ह्यांनी १९७५ साली एका तत्त्वज्ञानशिक्षकाने विद्यार्थिनींविषयी लिहून ठेवलेल्या शेऱ्यांचे विश्लेषण केले. गुण समान असतानाही सामाजिक स्तर जसजसा उंचावतो तसतशी विशेषणे अधिक गौरवपर होत जातात, असे त्यांत आढळले. फ्रेंच अध्यापकांच्या परिभाषेत 'शालेय' हे विशेषण दूषणासारखे वापरले जाते. आपल्याकडील 'पुस्तकी' हा शब्दही ह्याच जातीचा. ज्याला सारे काही शाळेनेच दिले, त्याला शाळेनेच 'शालेय' म्हणून हिणवावे, ह्यातील अन्याय उघड आहे. शाळा आपल्याच दानाची अवहेलना करते आणि जे तिने दिलेले नाही त्याचा गौरव करते.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, साहित्याच्या आस्वादाला सहजता आवश्यकच असते. घोकून रसास्वाद होत नाही. आक्षेप योग्य आहे, पण त्यातून सहजता उपजत असल्याचे सिद्ध होत नाही. आपल्या काव्यशास्त्रात अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या अनुशीलनाने निर्मळ झालेल्या मनाचा निर्देश केला आहे. सहृदयता अभ्यासाने येते, हे त्याने स्पष्टच मानले. मात्र ह्या अभ्यासाला लागणारी सवड कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न त्याच्यासमोर नव्हता. आपल्यासमोर तो आहे आणि तो टाळता येणार नाही.

मग मागणीच सोडून द्यावी काय? पॅरिसच्या सिआँस पो ह्या संस्थेने २००१ पासून वंचित वस्त्यांतील शाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाचा स्वतंत्र मार्ग खुला केला आणि २०१३ पासून पदवीप्रवेशातील 'सामान्य संस्कृती'ची लेखी परीक्षा वगळली. दारे उघडली, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु परीक्षा वगळल्याने अपेक्षा वगळली जात नाही. ती मुलाखतीत, उच्चारांत, संभाषणातील आत्मविश्वासात दबा धरून राहते. आणि अलिखित अपेक्षेची तयारी करणे लिखित अपेक्षेहून कठीण असते.

सारी अभिरुची म्हणजे निव्वळ वर्गीय मिरवणूक, असा निष्कर्ष काढणेही मला मान्य नाही. तसे मानले, तर वंचितांना साहित्य देण्याचे कारणच उरत नाही. कलाकृतीचे मूल्य आणि तिच्याशी असलेल्या परिचयाची मालकी ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय हा परिचय कष्टाने मिळविणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते: आनी एर्नो ह्यांच्या 'ला प्लास' (१९८३) मध्ये शिकलेली मुलगी आणि छोटे दुकान चालविणारे वडील ह्यांच्यात पडत गेलेले अंतर हीच ती किंमत होय. वारसदाराला ती मोजावी लागत नाही.

म्हणून अध्यापकाचे नैतिक दायित्व स्पष्ट आहे. जे शिकविले नाही, त्याबद्दल गुण देऊ नयेत. आणि ज्याबद्दल गुण द्यावयाचे, ते आडपडदा न ठेवता शिकवावे. निबंध कसा बांधावा, मतभेद कसा मांडावा, कविता कशी वाचावी, हे सांगण्यात कमीपणा मानू नये. 'वारसदार'च्या लेखकांना अभिप्रेत असलेले विवेकाधिष्ठित अध्यापन ते हेच. सहजतेचे कौतुक जरूर करावे. मात्र ती कोठून आली हे विचारल्यावाचून तिला गुणवत्ता म्हणू नये.