गांव सोडणाऱ्याचें गाणें

दापोडीस, मुळा-पवनेच्या संगमाजवळ, एस. टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. गांव सोडून कामासाठीं पिंपरी-चिंचवडकडे येणारा मनुष्य ज्या गाडीनें येतो आणि दिवाळीस ज्या गाडीनें चार दिवस परत जातो, तशा गाड्यांची बांधणी व दुरुस्ती येथें होते. सभोंवारच्या वस्तींत अशीं कुटुंबें पुष्कळ आहेत. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं त्यांच्या घरीं गांवाची गोष्ट निघते: तो आंबा, ती विहीर, तें अंगण. ऐकणाऱ्याचें मन हेलावतें. पण त्याबरोबर एक प्रश्नहि उभा राहतो. जें आपण आपल्या पायांनीं सोडून आलों, त्यासाठीं शोक करण्याचा आपणांस अधिकार काय?

हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील ब्युनोस आयरिस या बंदरांत इटली व स्पेन येथून लाखों माणसें पोटामागें आलीं. तेथील गरीब वस्त्यांत टँगो हा नृत्यगीतांचा प्रकार वाढला. १९१७ सालीं कार्लोस गार्देल यानें ‘मि नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’, हें गीत गाऊन ध्वनिमुद्रित केलें. प्रेयसी सोडून गेली आहे आणि मागें राहिलेल्या खोलींतील एकेक वस्तु तिच्यावांचून मुकी झाली आहे, एवढाच त्याचा विषय. तेव्हांपासून गमावलेल्याचा शोक हा या गीतांचा स्थायीभाव होऊन बसला. १९३५ मधील ‘वोल्वेर’ या गीतांत पिकल्या केसांनीं परतणारा मनुष्य गतकाळाच्या भेटीसच भितो; १९४८ मधील ‘सुर’ या गीतांत जुनी वस्ती बदलल्याचें दुःख आहे. हीं गीतें सुंदर आहेत यांत संशय नाहीं. परंतु त्यांत अपराध बहुधा काळाचा, दैवाचा किंवा स्त्रीचा असतो. आपणांस घराबाहेर कोणीं काढलें, हें गाणारा क्वचितच विचारतो.

आतां अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. अण्णा भाऊंचा जन्म १९२० सालीं सांगली जिल्ह्यांतील वाटेगांवीं झाला. लहानपणींच तें कुटुंब मुंबईस आलें. या रचनेंत मुंबईस आलेला मजूर गांवीं राहिलेल्या आपल्या मैनेसाठीं झुरतो. विरह टँगोइतकाच उत्कट आहे. परंतु हा वियोग दारिद्र्यानें घडविला, हें तो लपवीत नाहीं. मुंबईंतील श्रीमंती व उपासमार तो शेजारीं शेजारीं दाखवितो. रचना संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतील. म्हणून शेवटीं तो आपलें दुःख बेळगांव, कारवार, निपाणी यांच्या वियोगाशीं जोडतो, आणि एकाचा उसासा अनेकांचें गाऱ्हाणें होतो.

यावर रसिक म्हणतील कीं, कारणें शोधूं लागलें कीं काव्य संपतें आणि व्याख्यान सुरू होतें. आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. तथापि माया आणि सत्य यांत वैर मानण्याचें कारण नाहीं. अण्णा भाऊ मातंग समाजांत जन्मले. ज्या विहिरीचें स्मरण एकास गोड वाटतें, तिच्यावर दुसऱ्याच्या आईस घागर भरूं दिली जात नसे, अशीं गांवें महाराष्ट्रांत थोडीं नव्हतीं. ती विहीर दोघांच्याहि आठवणींत आहे. गाण्यांत मात्र एकाचीच आठवण उतरली, तर तें गाणें गोड असूनहि अपुरें, आणि कांहीं अंशीं अन्यायाचें होय.

म्हणून आमचें मत असें कीं, सोडलेल्याविषयीं शोक करण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मात्र कां सोडलें हें विसरल्यास तो उरत नाहीं. मुलांस गांवच्या आंब्याची गोडी अवश्य सांगावी. त्याच बैठकींत वाटणींत आलेली अर्धा एकर कोरडवाहू जमीन, सावकाराचें कर्ज, विहिरीवरचा अटकाव, हेंहि सांगावें. दिवाळीस गाडीनें गांवीं गेल्यावर तो आंबा दाखवितांना ती विहीरहि दाखवावी, आणि आज तिच्यावर कोण पाणी भरतो हें पाहून यावें.