ज्याची टंचाई, तीच ओवाळणी

भाऊबीज चार दिवसांवर आली की दादर-परळच्या हिंदमाता बाजारात पाय ठेवायला जागा नसते. दुकानदार घडीमागून घडी उलगडतो आणि बहिणीकडे कुठला रंग आहे हे भावाला आठवत नाही, म्हणून तो बायकोला फोन लावतो. ओवाळून झाल्यावर साडी ताटात पडते. बहीण म्हणते, ‘‘कशाला रे आणलीस?’’ हे ती रीत म्हणून म्हणते असं आपण धरून चालतो. पण बऱ्याचदा ती मनापासूनच विचारत असते. तिचं कपाट भरलेलं असतं.

यावर हल्ली एक उपाय सांगतात: वस्तू देऊ नका, अनुभव द्या. सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा समजायला आधी भेट म्हणजे काय ते पाहावं लागेल.

समोरच्याकडे जे कमी आहे ते देणं, ही खरी भेट. गिरणगावात एके काळी कमी होत्या त्या वस्तू. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत अख्खं बिऱ्हाड राहायचं आणि दिवाळीचा बोनस हातात पडला की वर्षाचे कपडे व्हायचे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा पगार थांबला. त्या दिवाळीत लालबाग-परळमधल्या एखाद्या भावाने बहिणीला साधं सुती पातळ नेलं असेल, तर त्याची किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर मावणारी नव्हती. त्याला ‘वस्तूऐवजी अनुभव दे’ असं सांगणं हा निव्वळ आगाऊपणा ठरला असता.

आज कमतरता आहे ती सवडीची. गिरगाव-परळच्या खोल्या गेल्या आणि माणसं विरारला, बदलापूरला पांगली. बहीण पहाटे डबे करून लोकल पकडते, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधं सांभाळते. तिच्याकडे साड्या आहेत, पण निवांत अशी एक दुपार नाही.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे ठाऊक होतं. लेक दिवाळीला माहेरी यायची, तेव्हा साडी मिळायची निघताना. त्याआधीचे चार दिवस तिला जे मिळायचं ते मोठं होतं. सकाळी कुणी हाक मारायचं नाही, वाढलेलं ताट समोर यायचं, पोरं आजीच्या अंगावर टाकून मैत्रिणीकडे जाता यायचं. तिच्या वाट्याची कामं दुसरं कुणी उचलायचं, म्हणून ते माहेरपण. आता माहेर एका दिवसावर आलंय. सकाळी यायचं, ओवाळायचं, रात्रीची गाडी गाठायची. चार दिवस आटले आणि साडी तेवढी उरली.

म्हणून नाटकाचं तिकीट द्यायचं, तर ते माहेरपणाच्या रीतीने द्यावं. दादर हे पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांवरचं स्टेशन, त्यामुळे विरारची बहीण आणि बदलापूरची बहीण दोघींनाही ते सोयीचं. 1965 सालापासून उभं असलेलं शिवाजी मंदिर नाट्यगृह तिथून चालत गाठता येतं. रविवारी दुपारचा प्रयोग, मध्यंतरात बटाटावडा, सुटल्यावर ‘प्रकाश’ उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पीयूष. गिरगावकरीण असेल तर साहित्य संघात प्रयोग आणि नंतर जुन्या वाडीतून एक फेरी. पण त्या दुपारी तिची मुलं कोण सांभाळणार, रात्रीचा स्वयंपाक कोण करणार? हे ठरलेलं नसेल तर ते तिकीट तिच्या डोक्यावरचं आणखी एक काम होतं. पार्लरची, रिसॉर्टची व्हाउचरं मुदत संपेपर्यंत ड्रॉवरमध्ये पडून राहतात ती याचमुळे.

दिवाळी पहाटेचंच घ्या. गिरगावात सुरू झालेल्या ‘चतुरंग’सारख्या संस्थांनी ही प्रथा रुजवली आणि आज मुंबईत जागोजागी सकाळी सहाला गाणी लागतात. पण सर्वांना उटणं लावून, फराळाची ताटं मांडून मग निघायचं असेल, तर त्या घरात पहिली चीज कुणाची हुकते हे वेगळं सांगायला नको.

देणाऱ्याने सोबत गेलंच पाहिजे असंही नाही. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर या अभ्यासकांनी 2017 साली एका संशोधनात दाखवलं की वस्तूपेक्षा अनुभवाची भेट नातं अधिक घट्ट करते, मग तो अनुभव दोघांनी एकत्र घेतलेला नसला तरीही. तेव्हा बहिणीला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीबरोबर नाटकाला जाऊ द्यावं आणि भावाने भाच्यांना घेऊन राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला जावं. तिला दुपार मिळते, भाच्यांना मामा मिळतो.

ज्या घरात आजही मिक्सर नाही, शाळेचे बूट फाटलेत, तिथे मिक्सर आणि बूटच न्यावेत. तिथली कमतरता तीच आहे. बाकीच्यांनी यंदा हिंदमाताला जाण्याआधी बहिणीला एक फोन करावा. कुठला रंग हवा हे विचारू नये. ‘‘तुझा कुठला रविवार मी सांभाळू?’’ एवढंच विचारावं, आणि ती सांगेल त्या रविवारी वेळेवर पोहोचावं.