उधारीसकट दुकान

डोंगरकड्यातलं एक कृषी सेवा केंद्र विकायला निघाल्याचा विषय चहाच्या टपरीवर निघाला, तेव्हा शेजारच्याने दोन वाक्यांत किंमत करून टाकली. "माल मोजा, कपाटं मोजा, उधारी सोडून द्या. दुकान म्हणजे आणखी काय असतं?" तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

मोक्याची जागा, स्वच्छ हिशेब, भरलेली विवरणपत्रं हे सगळं लागतंच. त्यावर शाई घालवत नाही. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. मालक उठून गेला की त्याच्याबरोबर काय जातं आणि दुकानात काय उरतं? परवाना तर जातोच. खत, बियाणं, कीटकनाशक, तिन्हींचे परवाने वेगळे. घेणाऱ्याला ते स्वतःच्या नावाने काढावे लागतात, शिक्षणाची अट पुरी करावी लागते. पदवी नसलेले कितीतरी दुकानदार त्यासाठीच वर्षभराचा 'देसी' अभ्यासक्रम करतात. पॉस मशीन राहतं, पण खताची पिशवी कुणाच्या अंगठ्यावर गेली एवढंच ते सांगतं. पैसे कधी येतील ते वहीत असतं.

या वहीवरून माझं नांदेडच्या एका हिशेबतपासनीस मित्राशी वाजलं. त्याचं म्हणणं, उधारी हे दुखणं. वसूल करा, नाहीतर सोडा, पण वही कोरी करूनच दुकान विका. कायदा त्याच्या बाजूने आहे. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे असं येणं साधारण 3 वर्षांनी कोर्टात टिकत नाही. मुदतीच्या आत लेखी कबुली घेतली तर मोजणी नव्याने सुरू होते. खरं सांगायचं तर मीही त्याच मताचा होतो.

पण अशी वही उघडून बघा. एका पानावर जूनमध्ये डीएपी, जुलैत तणनाशक, दिवाळीच्या आसपास सोयाबीन विकून थोडे जमा, हळद वसमतच्या मोंढ्यात गेली की खातं बेबाक. पुढच्या जूनला त्याच नावाखाली पुन्हा डीएपी. दुसऱ्या पानावर एकच आकडा, सालोसाल 'मागील बाकी' म्हणून पुढे ओढलेला. तो गडी आता दुकानावरून न जाता मागच्या गल्लीने जातो. पहिली फिरती उधारी, दुसरी अडकलेली. मित्र दोन्ही एकाच रकान्यात टाकतो आणि सरसकट कात्री लावतो. बँक सातबारा मागते, इथे तोंडओळखीवर पिशवी मिळते. त्यासाठी रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा, हेही सोसून माणूस त्याच दारात येतो. वही कोरी केली की तो मोकळा झाला, समोरच्या दुकानात जायला.

थोडं विषयांतर. 1872 च्या करार कायद्याचं 27 वं कलम सांगतं की धंदा करू नकोस अशी अट कुणावर घालता येत नाही. त्यात एक अपवाद ठेवला आहे: नावलौकिकासकट धंदा विकणाऱ्याकडून, त्याच परिसरात तोच धंदा पुन्हा करणार नाही, असं वाजवी मर्यादेत लिहून घेता येतं. विकून झाल्यावर मालक पलीकडच्या गाळ्यात बसला तर घेणाऱ्याच्या हाती कपाटंच राहणार, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं. कपाटांपेक्षा गिऱ्हाईक मोलाचं, हेच डोंगरकड्याच्या साखर कारखान्यालाही लागू. कोणत्याही कारखान्याची यंत्रं किती मोलाची हे आसपासचा ऊस तिकडे वळतो की नाही यावर ठरतं, आणि ऊस वळतो तो बिलं वेळेवर निघतात तिथे. नियमाने 14 दिवसांत.

तेव्हा मी आता उलट सांगतो. घेणाऱ्याने फिरती उधारी हट्टाने मागून घ्यावी, थोडी सूट पाडून. अडकलेली जुन्या मालकाने आपल्यापाशी ठेवावी, आणि एक हंगाम नव्या मालकाशेजारी गल्ल्यावर बसावं.

"आणि त्या साली हळदीचा भाव पडला तर?" मित्र विचारतो.

प्रश्न रास्त आहे. म्हणून सौदाही दोन हप्त्यांत करावा: निम्मे पैसे किल्ल्या देताना, निम्मे हळद विकून खाती किती मिटली ते पाहून.