सत्यव्रताचा कलश आणि माझी फायरफिश



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, आठवा स्कंध, अध्याय २४.

मत्स्यावताराची कथा आपल्याला लहानपणापासून पाठ असते, आणि आपण वाचताना धावत धावत प्रलय आणि नौकेपर्यंत पोचतो. मी या वेळी सुरुवातीलाच अडकलो. राजा सत्यव्रत कृतमाला नदीत तर्पण करतोय. ओंजळीत एक पिटुकला मासा येतो. राजा त्याला परत नदीत सोडतो. मनात काही वाईट नाही, जिथला होता तिथे सोडला, एवढंच. मग मासा विनवतो की इथे मला मोठे मासे खातील, टाकू नकोस. तेव्हा कुठे राजा त्याला कलशात घेतो.

अडकलो, कारण माझ्याकडेही सध्या एक घाबरलेला मासा आहे.

आमच्या धानोऱ्यात खाऱ्या पाण्याची टाकी म्हटलं की लोक हसतात. तापी आपल्या जिल्ह्यातून वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते, आमचा समुद्राशी संबंध तेवढाच. समुद्र घरीच कालवावा लागतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे माझ्या २०० लिटरच्या टाकीला ७ किलो समुद्री मीठ. उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. (हे मला उशिरा कळलं. किती तरी दिवस मी खारंच ओतत होतो.)

फायरफिश सुरतेहून आणली, ट्रेनमध्ये पिशवी मांडीवर धरून. बोटाएवढी, पुढून पांढरी, मागून लाल, डोक्यामागे एक लांब काटा. समुद्रात ती प्रवाळाच्या चुऱ्यावर तरंगत असते आणि जरा काही हललं की बिळात. पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवली, मग बारीक नळीला गाठ मारून तासभर थेंब थेंब टाकीचं पाणी तिच्या पाण्यात सोडलं. दिवा बंद. दगडांची जागाही बदलली, म्हणजे आधीपासूनच्या दांडगट डॅमसेलला ‘हा माझा कोपरा’ म्हणता येऊ नये. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. ती दगडामागे गेली ती गेलीच.

आता खरं सांगतो. ही दुसरी आहे. पहिलीच्या वेळी मला धीर नव्हता. आहे ना, खातेय ना, म्हणून रात्री टॉर्च मारून बघायचो. एके रात्री ती दचकून उडाली, झाकणाच्या फटीतून बाहेर. सकाळी फरशीवर सापडली. मी त्याला काळजी म्हणत होतो.

या वेळीही तिसऱ्या दिवशी मी काचेला नाक लावून बसलो होतो. आजी मागून म्हणाली, "अरे, बघू नको ना तिच्याकडे." मग तिने स्वतःचं सांगितलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा अख्खं गाव बघायला यायचं. तोंड वर कर, बोल काहीतरी, जेवत का नाहीस. दोन दिवस घास उतरला नाही. मग मोठ्या जावेने चुलीपाशी ताटली ठेवली आणि पाणी आणायच्या निमित्ताने निघून गेली. "तेव्हा जेवले," आजी म्हणाली.

भागवतात पुढे बघा. मासा एका रात्रीत वाढतो, कलश पुरत नाही. मग मोठं भांडं, मग सरोवर, शेवटी समुद्र. दर वेळी राजा भांडं बदलतो. "आता जरा ॲडजस्ट कर" असं एकदाही म्हणत नाही. आपण हॉस्टेलमधल्या नव्या मुलीला, ऑफिसातल्या न बोलणाऱ्या पोराला हेच तर म्हणतो. गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत पहिलं नाव अभयाचं आहे. मी ते नेहमी ‘मी कुणाला घाबरू नये’ असंच वाचलं. माझ्यामुळे कुणी घाबरू नये, हे त्यातच येतं, हे सुचलंच नाही.

पण स्वतःला सत्यव्रत समजायचीही सोय नाही. त्या माशाने आसरा मागितला होता. माझ्या माशाने काहीच मागितलं नव्हतं. कुणीतरी तिला समुद्रातून काढलं, मी पैसे देऊन आणलं. आता सुरतेच्या खाडीत सोडणं म्हणजे मारणंच, ते पाणी तिचं नाही. मग माझ्याकडे उरतं काय? झाकणाला बारीक जाळी लावणं, डॅमसेलला आधी दुसऱ्या टोकाला खाऊ घालणं, आणि हात आवरणं. चूक तेवढ्याने फिटते का? मला नाही वाटत. पण आणलं आहे तर एवढं तरी देणं लागतोच.

पाचव्या दिवशी ती प्रवाहात आली, दोन बारीक कोळंब्या टिपल्या, परत आत. मी तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो, नजर अर्धी पोथीवर.

आजचं हे टाकीकडे पाठ करून लिहितोय. मागे काय चाललंय, माहीत नाही.

राम कृष्ण हरी.