भेगेची झाली भिंत

हरिभक्तहो, दिंडीत चालण्याचे सुख आपण सर्वजण जाणता. पुढे पताका, मध्ये टाळ-मृदंग, विणेकऱ्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या माउल्या. पाय थकले तरी शेजारच्याचा सूर ओढून नेतो. पण टाळ थांबले, सोबती पांगले आणि घरच्या ओट्यावर एकटेच बसण्याची पाळी आली, तर नाम टिकते का? ज्याचा संसाराचा जोडीदार गेला, दिंडीतली ज्याच्या शेजारची जागा कायमची रिकामी झाली, त्याने काय करावे? हे दुःख लहान नाही. 'देवाची इच्छा' एवढे म्हणून ते मिटतही नाही.

या विचारासाठी आपण जरा खानदेशात जाऊ. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून निराळा झालेला नंदुरबार जिल्हा. त्यात नंदुरबार-दोंडाईचे लोहमार्गावर रनाळे गाव आहे. या मुलखात काळ्या दगडाच्या लांबच लांब धारा उठलेल्या दिसतात, पुष्कळशा पूर्व-पश्चिम. कोणी मुद्दाम भिंत रचावी तशा त्या सरळ जातात. चैत्राच्या शुद्ध पक्षात अशाच एका धारेवर आम्ही दिवसभर एकटेच चाललो. झोळीत भाकर-चटणी व भरपूर पाणी, हातात काठी.

अहो, काय ते ऊन! पळसाची फुले गळून गेलेली, गवत वाळलेले, धोतराला कुसळे, पायाखाली सुटे दगड. सावली म्हणावी तर एखाद्या खडकाची, तीही वीतभर. दूर खाली आगगाडी जाते, तिचा आवाज येतो आणि पुन्हा सारे निवांत. अशा वाटेवर मनुष्याचे काय होते? घटका दोन घटका नाम मोठ्याने चालते. ऐकणारा कोणी नाही, म्हणून आवाज उतरतो. मग मन बोलू लागते. गेलेली माणसे आठवतात, राहून गेलेले बोलणे आठवते, कोण आपल्याशी कसे वागले ते आठवते. गर्दीत झाकलेले सारे उन्हात उघडे पडते. पुष्कळांना एकांताचे भय वाटते ते एवढ्यासाठीच.

आता ती धार कशी झाली ते ऐका. भूगर्भाचे जाणकार सांगतात की, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी या भूमीला खोल भेगा पडल्या आणि पोटातला तप्त दगडाचा रस त्यांतून वर आला. भेगेतच तो निवाला, घट्ट झाला. पुढे ऊन, वारा, पाऊस यांनी भोवतालचा ठिसूळ खडक झिजवून नेला. भेगेत भरलेला कठीण दगड तेवढा उभा राहिला. म्हणजे आज ज्या धारेवरून मनुष्य चालतो, ती एके काळी भूमीची जखम होती!

हरिभक्तहो, जिवालाही अशा भेगा पडतात. त्या पडू नयेत हे आपल्या हाती नाही. त्यांत काय भरावे, हे मात्र आपल्या हाती आहे. भेग रिकामी राहात नाही. कुरकुर, वैर, नाहीतर आळस येऊन तीत बसतो. तेथे नाम भरावे. ते लगेच गोड लागेल असे नाही; तो दगडही तापलेलाच आत शिरला होता. रडत घेतलेले नामही नामच आहे.

तुकोबारायांचे पाहा. सन १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगा संतू गेला, व्यापार बसला. परंपरा सांगते की, महाराज भामचंद्र डोंगरावर एकटे जाऊन बसले आणि पंधरा दिवसांनी धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत आले. मग महाराजांनी काय केले? डोंगरच घर केला का? नाही. इंद्रायणीकाठी येऊन लोकांकडील येण्याचे कागद काढले, अर्धे कान्होबांना दिले आणि आपल्या वाट्याचे नदीत सोडले. दुष्काळाने नाडलेल्या घरांना केवढा श्वास मिळाला असेल! एकांतात नाम खरोखर भरले की नाही, याची खूण डोंगरावर सापडत नाही. खाली उतरल्यावर, आपले देणे लागणाऱ्याशी आपण कसे वागतो, तेथे ती सापडते.

म्हणून ज्यांना चैत्रीला पंढरी गाठता येत नाही, ज्यांचा सोबती उरला नाही, त्यांनी खचू नये. आपल्या गावच्या माळावर, टेकडीवर, शेताच्या बांधावर एकट्याने चालावे. लांब जावयाचे तर घरी सांगून जावे, पाणी घेतल्यावाचून निघू नये, दुपारी सावलीला बसावे; देह पांडुरंगाने दिलेला आहे, तो उन्हात वाळवण्यात पुरुषार्थ नाही. चालता चालता गेलेल्याचे नाव मनात आले तर ते लोटू नये. त्या नावामागे विठ्ठलाचे नाव जोडावे आणि पुढचे पाऊल टाकावे. परतल्यावर कोणाचे तरी एक ओझे हलके करावे. एखादे येणे सोडावे, रुसलेल्याच्या दारी आपण होऊन जावे, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याजवळ घटकाभर बसावे. दोघे मिळून नाम घेऊ लागले की तेथे दिंडी झालीच म्हणून समजा.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!