किल्ल्याचा नंबर कितवा?

दिवाळीच्या सुट्टीत चिखलात कोपरापर्यंत हात बुडवून बसलेल्या पोरांना येणारी-जाणारी मोठी माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "यंदा कुठला किल्ला?" दुसरा, "स्पर्धेत नाव दिलंय का?"

पहिल्याचं उत्तर लांबत जातं. राजगड करणार होतो, पण तीन माच्यांना जागा पुरेना, मग प्रतापगड ठरला, खाली गुहा आहे, गुहेत वाघ आहे, आणि सलाइनच्या नळीतून कारंजंही येणार आहे. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात संपतं. हो किंवा नाही.

'हो' म्हटलं की त्या किल्ल्याचं काय होतं, हा या लेखाचा विषय आहे.

मॉडेल मेकिंग म्हटलं की आपल्याला खोक्यातून येणारी प्लॅस्टिकची विमानं आठवतात. पण महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी चाललेलं मॉडेल मेकिंग म्हणजे दिवाळीतला किल्ला. विटा, दगड, त्यावर गोणपाट, त्यावर माती. वरून पेरलेले अळीव किंवा मोहरी, म्हणजे चार-पाच दिवसांत हिरवळ. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. या सगळ्याचा व्यावहारिक उपयोग शून्य. पंधरा दिवसांत ते सगळं पुन्हा माती होणार, हे करणाऱ्यालाही माहीत असतं. छंद या शब्दाचा याहून स्वच्छ नमुना सापडणं अवघड आहे.

आणि याच निरुपयोगी, क्षणभंगुर गोष्टीला आपण मार्क देतो. मंडळं देतात, सोसायट्या देतात, शाळा देतात. पहिला, दुसरा, तिसरा आणि दोन उत्तेजनार्थ. हे बरं की वाईट?

परीक्षकाच्या बाजूने

आधी स्पर्धेची बाजू नीट मांडू. "मुलांना स्पर्धा नकोच" हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते जरा घाईचं आहे.

बहुतेक मुलं किल्ल्याचा मुख्य दरवाजा समोर, मध्यभागी, रस्त्यावरून लगेच दिसेल असा करतात. बंगल्याचं फाटक असतं तसा. येणारे काका-मावशी "वा, छान!" म्हणतात आणि फराळाला आत जातात. मग एखादा परीक्षक येतो, वाकून बघतो आणि विचारतो, "शत्रूला दरवाजा इतक्या सहज दिसला तर तो काय करेल?" मुलं गप्प होतात. मग तो रायगडाच्या महादरवाजाबद्दल सांगतो. दोन बुरुजांच्या आड लपवलेला दरवाजा, त्याच्याकडे वळत जाणारी वाट, समोरून पाहिलं तर नुसती तटबंदीच दिसते. हत्तीला धडक द्यायला धाव घेता येत नाही, तोफेचा नेम थेट धरता येत नाही, आणि वळणावर अडकलेल्या माणसांवर वरून मारा होतो. गोमुखी बांधणी म्हणतात ती हीच.

त्या मुलांना आता दरवाजा म्हणजे भिंतीतलं भोक राहत नाही. तो एक विचार होतो. पुढल्या वेळी ट्रेकला गेल्यावर ती वळणावर थांबून वर बघतील. "वा, छान!" म्हणणाऱ्या मावशीकडून हे मिळालं नसतं. छान म्हणणं ही कधीकधी न बघण्याचीच एक पद्धत असते.

तत्त्वज्ञ अलास्डेर मॅकिन्टायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू' या १९८१च्या पुस्तकात बुद्धिबळाचं एक उदाहरण दिलं आहे. एका सात वर्षांच्या हुशार मुलाला बुद्धिबळात रस नाही, गोळ्या-चॉकलेटात आहे. त्याला सांगितलं जातं की खेळलास तर गोळ्या, जिंकलास तर आणखी गोळ्या. जोवर त्याला फक्त गोळ्या हव्या आहेत, तोवर संधी मिळाली की फसवणूक न करण्याचं त्याच्याकडे काहीच कारण नाही. पण खेळता खेळता कधीतरी त्याला त्या खेळातलीच गोडी सापडेल, अशी आशा असते. चाल आधी दिसण्याची, डाव रचण्याची गोडी. त्यानंतर त्याने फसवलं तर तो समोरच्याला नव्हे, स्वतःलाच हरवतो.

मॅकिन्टायर यातून दोन प्रकारची फळं वेगळी करतात. काही फळं त्या कामाच्या आतली, जी ते काम केल्याशिवाय मिळूच शकत नाहीत. काही बाहेरची, म्हणजे पैसा, मान, कप. आणि ते असंही म्हणतात की आतली फळं हवी असतील तर त्या कामाचे निकष आधी मान्य करावे लागतात, आपलं काम त्या निकषांना कमी पडतंय हे ऐकून घ्यावं लागतं. "मला आवडलं ना, बस" एवढ्यावर कुठलीच कला वाढत नाही. परीक्षक हवा असतो तो यासाठी.

मग अडचण कुठे येते?

अडचण येते ती गुणपत्रिकेत.

किल्ल्यांच्या स्पर्धांत साधारण कसले रकाने असतात, हे आपल्याला माहीत आहे. मूळ किल्ल्याशी साम्य, स्वच्छता, माहितीफलक, सजावट, मुलांनी दिलेली माहिती. एकेक रकाना घेतला तर चूक काहीच नाही. पण गुण कशाला आहेत हे कळलं की हात तिकडे वळतात. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. आज ते गुडहार्टचा नियम म्हणून ओळखलं जातं. मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही, असा त्याचा प्रचलित अर्थ. किल्ल्यालाही तो लागू पडतो. सजावटीला गुण म्हटले की एलईडीच्या माळा येतात. साम्याला गुण म्हटले की बाबा थर्माकोल कापायला बसतात. माहितीला गुण म्हटले की सात वर्षांची मुलगी पाठ केलेलं भाषण श्वास न घेता म्हणून दाखवते, आणि मध्येच "हा बुरूज इथेच का?" असं विचारलं की पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करते.

मग सगळ्यात आधी काय जातं? गंमत जाते. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो. तटावर कुणीतरी प्लॅस्टिकचा डायनासोर उभा केलेला असतो, पायथ्याशी गावात लाल मारुती गाडी असते. ही चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ती तिथे आहे कारण धाकट्या भावाला तीच आणायची होती. स्पर्धेत नाव दिलं की डायनासोर पहिल्यांदा बाहेर जातो. त्याच्यामागून बऱ्याचदा धाकटा भाऊही जातो, कारण तो "बिघडवतो".

शिवाय साधनांचा प्रश्न आहेच. बंगल्याचं अंगण आणि चाळीतल्या जिन्याखालचा चौकोन एकाच तक्त्यात बसवले की निकाल हाताचा लागतो की जागेचा, हे सांगता येत नाही.

जोडाची रेघ

ही भानगड फक्त आपली नाही. प्लॅस्टिकची विमानं आणि रणगाडे जोडणारी मोठी माणसं जगभर याच प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडत आली आहेत. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये सुरू झालेली आणि पुढे देशोदेशी शाखा पसरलेली आयपीएमएस ही या छंदाची मोठी संघटना. तिच्या अमेरिकेतल्या स्पर्धांमध्ये पूर्वापार पहिला-दुसरा-तिसरा अशी पद्धत चालत आली. तिथले परीक्षक हातात छोटी टॉर्च घेऊन बघतात. पंखाचे दोन भाग जोडले तिथे रेघ राहिली का? गोंद सांडला का? चाकं एका पातळीत टेकलीत का?

यावर नेहमीची तक्रार अशी की साधं, सोपं, पण निर्दोष मॉडेल धाडसी मॉडेलला हरवतं. ज्याने आतलं इंजिन स्वतः तारेतून घडवलं, झिजलेला रंग, चिखल, तेलाचे डाग यांतून त्या यंत्राचं आयुष्य दाखवलं, त्याच्या कामात चुकायच्या जागाही जास्त. काम जेवढं मोठं, तेवढी टॉर्चला सापडणारी रेघ जास्त.

परीक्षक असं का करतात? ते रुक्ष असतात म्हणून नव्हे. रेघ आहे की नाही यावर तीन माणसांचं एकमत होऊ शकतं, "या रणगाड्यात जीव आहे" यावर होणं अवघड. ज्याला क्रमांक द्यायचा आहे, त्याला निकालाचं समर्थन करावं लागतं, आणि समर्थन दोषांच्या आधारे करणं सगळ्यात सोपं. म्हणजे न्याय्य राहण्याच्या धडपडीतच नजर अरुंद होत जाते. यात कुणी खलनायक नाही.

काही संघटनांनी यावर दुसरा मार्ग काढला. लष्करी वाहनांची मॉडेल्स करणाऱ्यांची एएमपीएस ही संघटना मॉडेल्सची आपसात तुलना न करता प्रत्येक मॉडेल एका ठरलेल्या दर्जाशी ताडून बघते. त्या दर्जाला पोचलेल्या सगळ्यांना सुवर्ण, मग ते दोन असोत की वीस. यावरही आक्षेप आहेच की सुवर्णपदकं वाढली की त्यांची किंमत उतरते. पण एक फरक पडतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस प्रतिस्पर्धी राहत नाही, त्याला "हा गंज कसा केलास?" असं मोकळेपणी विचारता येतं.

गोळीची चटक

१९७३मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत केलेला प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतात अशी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि रिबीन असलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात रंगीत पेनं मोकळी ठेवली, तेव्हा ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपास वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीत अशी घट झाली नाही.

एका प्रयोगावर सगळं आयुष्य तोलू नये. पण त्यातला बारकावा महत्त्वाचा आहे. घात बक्षिसाने केला नाही, "हे कर म्हणजे ते मिळेल" या आधीच्या कराराने केला. जे स्वतःसाठी चाललं होतं, ते कशाच्या तरी बदल्यात केलेलं काम झालं. बदल्यात मिळणारं थांबलं की कामही थांबलं.

पारख आणि क्रमांक

मला वाटतं, आपण स्पर्धा या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बांधून ठेवल्या आहेत. एक पारख, म्हणजे जाणत्या माणसाने थांबून, वाकून, मन लावून आपलं काम बघणं. दुसरा क्रमांक, म्हणजे ते काम इतरांच्या वर किंवा खाली लावणं. पारखेची भूक खरी आहे, ती भागली नाही तर छंद खुंटतो. क्रमांक हे त्या पारखेला बोलावून आणण्याचं निमित्त आहे.

यावर कुणी म्हणेल, निमित्त काढून टाकलं तर जाणता माणूस येईल का? आणि आला तरी नंबर द्यायचा नसेल तर तो एवढं निरखून बघेल का? आक्षेप रास्त आहे. दोनांत पहिला कोण हे ठरवायची वेळ आली की नजर धारदार होते, हे खरं. आणि मुलंही काही संत नसतात. परीक्षक नसला तरी "आमचा किल्ला बी विंगपेक्षा भारी" हे चालूच असतं. त्या चुरशीतही एक मजा आहे, ती पुसून टाकायची गरज नाही.

म्हणून मी स्पर्धा बंद करा असं म्हणणार नाही. पण स्पर्धा चांगली की वाईट हे ओळखायची एक कसोटी सुचवतो. जिंकलेल्याकडे बघू नका. सातव्या आलेल्याकडे बघा. तो घरी काय घेऊन गेला? आठ दिवस खपून त्याच्या हातात फक्त सहभागाचं छापील प्रमाणपत्र पडलं असेल, तर त्या स्पर्धेने त्याच्याकडून घेतलं जास्त आणि दिलं कमी. पण "पुढच्या वर्षी दरवाजा बुरुजांच्या आड घे, आणि तुझ्या पाण्याच्या टाक्या मात्र एकदम योग्य जागी आहेत" एवढी दोन वाक्यं जरी मिळाली असतील, तर क्रमांक कितवा याला फारसा अर्थ उरत नाही. त्याला पुढच्या वर्षीचं काम मिळालेलं असतं.

हे करायला खर्च येत नाही. परीक्षकाने दहा मिनिटं जास्त द्यायची, भाषण न ऐकता प्रश्न विचारायचे, आणि प्रत्येक किल्ल्यासाठी एक जमलेली आणि एक सुधारायची गोष्ट कागदावर लिहून द्यायची. आणि ज्यांना नंबर नकोच आहे त्यांच्यासाठी 'फक्त पाहण्यासाठी' असा एक रकाना ठेवायचा. इंग्लंडमधल्या टेलफर्डला दर नोव्हेंबरमध्ये आयपीएमएसचं जे मोठं प्रदर्शन भरतं, तिथे स्पर्धा असते, पण दालनं भरलेली असतात ती क्लबांच्या टेबलांनी. माणसं एकमेकांना काम दाखवायला येतात. डायनासोरला अशा रकान्यात जागा मिळू शकते, धाकट्या भावालाही.

किल्ला तर मोडणारच आहे. माती कुंडीत जाईल, विटा जिन्याखाली, मावळे जुन्या पेपरात गुंडाळून माळ्यावर. क्रमांकाचा कागदही कुठल्याशा फाइलमध्ये पिवळा पडेल. मागे राहतो तो फक्त करणाऱ्याचा हात आणि त्याची नजर. एखाद्या स्पर्धेने ती नजर थोडी तीक्ष्ण केली असेल आणि त्या हाताला पुढच्या वर्षी पुन्हा चिखलात जावंसं वाटत असेल, तर ती स्पर्धा खुशाल भरवावी. नाहीतर मुलांना त्यांची माती परत द्यावी.